इन्सुलिनची किल्ली आणि डोरोथी हॉजकिन

ज्या घरात कुणी इन्सुलिन घेते, त्या घरात जेवणाच्या वेळी घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. साधे, जुन्या पद्धतीचे इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी टोचायचे असते. नव्या प्रकारची काही इन्सुलिने मात्र पानावर बसताना घेतली तरी चालतात. दोन्हींचे काम एकच, रक्तातली साखर पेशींमध्ये जाण्याची वाट मोकळी करण्याचे. दोन्हींच्या रेणूंत फरक असतो तो ५१ दुव्यांपैकी अवघ्या एक-दोन दुव्यांचा. एवढ्याशा फरकाने अर्ध्या तासाची अडचण कशी दूर होते, हे समजायचे तर इन्सुलिनच्या रेणूचा नेमका आकार माहीत असावा लागतो. तो आकार शोधून काढण्याचा ध्यास एका संशोधिकेने ३४ वर्षे सोडला नाही. त्यांचे नाव डोरोथी हॉजकिन.

डोरोथी क्रोफूट यांचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्तमध्ये, कैरो शहरात झाला. वडील तिथल्या शिक्षण खात्यात ब्रिटिश अधिकारी होते, पुढे ते पुरातत्त्वाकडे वळले. आई जुन्या कापडांच्या आणि विणकामाच्या अभ्यासक म्हणून नावाजल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुलींना इंग्लंडमध्ये ठेवून आई-वडील कामावर परतले, त्यामुळे डोरोथींचे बालपण बरेचसे आई-वडिलांपासून दूर गेले. दहा वर्षांच्या असताना एका छोट्या वर्गात त्यांनी तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवले. भांड्यातल्या पाण्यातून आपोआप, कुणी न घडवता, इतक्या रेखीव कडांचे खडे तयार होतात याचे त्यांना जे नवल वाटले, ते पुढे जन्मभर ओसरले नाही.

सफोक परगण्यातल्या बेकल्स गावी त्यांची शाळा होती. रसायनशास्त्र मुलांसाठी आणि घरकामाचे विषय मुलींसाठी, अशी तिथली वाटणी. डोरोथी आणि आणखी एका मुलीला मात्र मुलांच्या वर्गात बसण्याची परवानगी मिळाली. सुट्टीत आई-वडिलांकडे सुदानमध्ये खार्टूमला गेल्या असताना तिथल्या एका मृदा-रसायनतज्ज्ञांनी त्यांना खनिजे तपासण्याची रसायनांची पेटी दिली. सोळाव्या वाढदिवसाला आईने दिलेल्या पुस्तकातून त्यांना कळले की क्ष-किरणांच्या मदतीने स्फटिकातल्या अणूंची मांडणी पाहता येते. दिशा तिथेच ठरली. १९२८ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९३२ मध्ये जे. डी. बर्नाल यांच्या हाताखाली काम करण्यासाठी केंब्रिजला गेल्या.

क्ष-किरणांची ही पद्धत थोडी समजून घ्यायला हवी. स्फटिकात एकाच प्रकारचे असंख्य रेणू शिस्तीत रांगा करून उभे असतात. त्यांवर क्ष-किरण सोडले की ते अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. कोणता ठिपका किती ठळक आहे यावरून अणू कुठे कुठे आहेत याचा हिशेब मांडायचा. अडचण अशी की ठिपक्यांचा ठळकपणा मोजता येतो, पण प्रत्येक लहर दुसरीच्या किती पुढे वा मागे होती हे फिल्मवर उमटत नाही. अर्धी माहिती हातात आणि अर्धी हरवलेली, असे हे कोडे असते. दहा-वीस अणूंच्या रेणूसाठी ते सोडवणेही त्या काळी अवघड होते. प्रथिनांमध्ये तर शेकडो, हजारो अणू असतात.

१९३४ मध्ये बर्नाल यांनी पेप्सिन या पाचक प्रथिनाच्या स्फटिकाचा क्ष-किरण फोटो घेतला. स्फटिक वाळू न देता, ज्या द्रावात तो वाढला त्यातच ठेवला, तर प्रथिनाचीही स्पष्ट नक्षी मिळते, हे त्यातून पहिल्यांदा दिसले. त्या दिवशी डोरोथी प्रयोगशाळेत नव्हत्या. हाताची बोटे दुखू लागल्यामुळे आई-वडील त्यांना लंडनला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. परतल्यावर फोटोचे पुढचे विश्लेषण त्यांनी बर्नाल यांच्याबरोबर केले. प्रथिनांचा अभ्यास आणि हातांचे दुखणे अशा रीतीने एकाच सुमारास त्यांच्या आयुष्यात आले, आणि दोन्ही अखेरपर्यंत राहिले.

त्याच वर्षी त्या ऑक्सफर्डला परतल्या. त्यांना जागा मिळाली ती विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या एका कोपऱ्यात. तिथे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांच्या हाती इन्सुलिनचे थोडे बारीक स्फटिक ठेवले. इन्सुलिन तेव्हा औषध म्हणून जेमतेम बारा वर्षांचे होते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचले गेले आणि मरणाच्या दारातली मुले त्यानंतर उठून बसू लागली. औषध काम करते हे साऱ्या जगाला दिसत होते. ते कशाचे बनले आहे आणि काम कसे करते, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

मिळालेले स्फटिक फोटो घेण्याच्या मानाने फारच लहान होते. टोरांटोच्याच एका संशोधकाने नुकतेच दाखवले होते की जस्त घातले की इन्सुलिनचे चांगले स्फटिक बनतात. डोरोथींनी तीच युक्ती वापरून मोठे स्फटिक वाढवले. १९३५ च्या आरंभी एका रात्री त्यांनी फिल्म धुतली, तर त्यावर बारीक ठिपक्यांची सुबक नक्षी उमटली होती. त्या आनंदात चोवीस वर्षांची ती मुलगी रात्री उशिरा ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून एकटीच भटकत राहिली. तो फोटो त्याच वर्षी नेचर या नियतकालिकात त्यांच्या एकटीच्या नावाने छापून आला. पण फोटो मिळणे आणि आकार कळणे यांच्यामध्ये ३४ वर्षांचे अंतर होते.

१९३७ मध्ये त्यांचे लग्न थॉमस हॉजकिन यांच्याशी झाले. पुढच्या वर्षी पहिला मुलगा झाला आणि त्यानंतर लगेचच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने, म्हणजे सांधे सुजवून वाकडे करणाऱ्या संधिवाताने, त्यांना गाठले. या आजाराचा जोर इतका होता की कपडे घालणेही कठीण झाले. उपचारांनी आजार काहीसा आटोक्यात आला, पण बोटे कायमची वाकली. हे दुखणे कुणाच्या वाट्याला आले असेल, तर मिलिमीटरभर आकाराचे नाजूक स्फटिक काचेच्या बारीक नळीत बसवणाऱ्या व्यक्तीच्या. क्ष-किरण यंत्राचे बटण त्यांना दाबता येईना, तेव्हा त्याला लांब दांडा बसवून घेतला. काम थांबले नाही. घरात पुढे आणखी दोन मुले आली. पती कामानिमित्त बराच काळ बाहेर असत. घर, मुले, शिकवणे आणि संशोधन हे सगळे त्या याच हातांनी सांभाळत होत्या.

इन्सुलिन मात्र दाद देत नव्हते. तेव्हा डोरोथींनी ते बाजूला ठेवून आधी लहान रेणूंवर हात बसवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन हाती आले. त्याच्या रेणूची रचना कशी असावी यावर रसायनशास्त्रज्ञांत मोठा वाद होता. रॉबिन्सन यांचा आग्रह एका रचनेसाठी होता. डोरोथी आणि सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांनी दाखवून दिले की रचना दुसरीच आहे, त्यात चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे. त्या कड्याच्या ज्ञानावर पुढच्या कितीतरी प्रतिजैविकांचा पाया उभा आहे. मग आले बी-१२ जीवनसत्त्व. घातक रक्तक्षयावरच्या या औषधात १८१ अणू होते, मधोमध कोबाल्ट. सुमारे आठ वर्षांच्या कामानंतर १९५० च्या दशकाच्या मध्याला तीही रचना सुटली. या कामांसाठी १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकटीला मिळाले. बातमी आली तेव्हा त्या पतीकडे घानामध्ये होत्या. मायदेशातल्या काही वृत्तपत्रांना मात्र त्या शास्त्रज्ञ आहेत यापेक्षा गृहिणी आहेत, तीन मुलांची आई आहेत, हेच आधी सांगावेसे वाटले.

नोबेल मिळाले तेव्हाही इन्सुलिन सुटलेले नव्हते. मधल्या काळात दोन वाटा मोकळ्या झाल्या होत्या. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम उलगडला होता. २१ दुव्यांची एक साखळी, ३० दुव्यांची दुसरी, आणि दोघींना बांधणारे गंधकाचे पूल. दुसरीकडे, मॅक्स पेरुट्झ यांनी प्रथिनांसाठी ती हरवलेली अर्धी माहिती परत मिळवण्याची रीत शोधली होती. स्फटिकात ठराविक जागी जड धातूचा अणू बसवायचा आणि त्याने नक्षीत काय बदल होतो ते पाहायचे. इन्सुलिनमध्ये हे घडवून आणणे चिकाटीचे काम होते. त्यासाठी जस्त काढून दुसरे धातू बसवावे लागले आणि हजारो ठिपके पुन्हा पुन्हा मोजावे लागले.

हे काम करणारा त्यांचा गट अनेक देशांतल्या तरुणांचा होता. न्यूझीलंडहून आलेले गाय डॉडसन आणि टेड बेकर, इंग्लंडचे टॉम ब्लंडेल, एलिनॉर डॉडसन, मार्गारेट अ‍ॅडम्स, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून गेलेले एम. विजयन. प्रयोगशाळेत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, प्रमुखांनाही डोरोथी म्हणत. १९६९ च्या उन्हाळ्यात २.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईचा नकाशा तयार झाला. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. सुमारे ८०० अणूंच्या त्या रेणूची घडण पहिल्यांदा दिसली, तेव्हा डोरोथी ५९ वर्षांच्या होत्या. विजयन पुढे बंगळुरूला परतले आणि प्रथिनांच्या रचना शोधण्याचे काम त्यांनी भारतात उभे केले.

त्या नकाशात काय दिसले? इन्सुलिनचे रेणू सुटे सुटे नव्हते. दोन-दोनच्या तीन जोड्या मिळून सहा रेणूंचा एक गट झाला होता आणि मधोमध जस्ताचे दोन अणू त्यांना धरून होते. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन साठवतात ते याच रूपात. सहाचा गट टिकाऊ असतो, लवकर बिघडत नाही. पेशीतून रक्तात सुटल्यावर जस्त विखुरते आणि गट मोडतो. औषधाच्या कुपीतही साध्या इन्सुलिनचे रेणू बहुतांशी असेच सहाच्या गटात असतात. पण त्वचेखाली टोचल्यावर ते तिथेच साचून राहतात. सहाच्या गटातून दोन-दोनच्या जोड्या आणि जोड्यांतून सुटे रेणू व्हायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत ते रक्तात वेगाने उतरत नाहीत. अर्ध्या तासाचे कारण हे आहे.

आकार कळल्यावर उपाय सुचण्याची सोय झाली. दोन रेणू एकमेकांना नेमके कुठे चिकटतात हे नकाशात स्पष्ट दिसत होते. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये लांब साखळीतल्या २८ व्या आणि २९ व्या दुव्यांची फक्त अदलाबदल केलेली आहे. अ‍ॅस्पार्ट इन्सुलिनमध्ये २८ वा दुवाच बदललेला आहे. जोडी जमण्याची जागा त्यामुळे सैल होते, त्वचेखाली रेणू चटकन सुटे होतात आणि काम लवकर सुरू होते. उलट दिशेनेही हीच युक्ती चालते. ग्लार्जिन इन्सुलिनमध्ये दुवे असे बदलले आहेत की ते त्वचेखाली साका होऊन बसते आणि दिवसभर थोडे थोडे झिरपत राहते.

तरीही एक मोठा प्रश्न उरला होता. डोरोथींच्या स्फटिकात दिसत होते ते साठवणीतले इन्सुलिन. काम करताना इन्सुलिन एकटे असते आणि पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका मोठ्या प्रथिनाला जाऊन चिकटते. हे प्रथिन म्हणजे इन्सुलिनचा ग्राही, अर्थात रिसेप्टर. त्याचा काही भाग पेशीबाहेर असतो आणि काही पेशीच्या आत. बाहेर इन्सुलिन चिकटले की आतल्या भागाला जाग येते, निरोप पुढे जातो आणि स्नायूंच्या व चरबीच्या पेशी साखर आत घेण्याची दारे पृष्ठभागावर आणतात. इन्सुलिन किल्ली आणि ग्राही कुलूप, असे आपण सहज म्हणतो. पण ही किल्ली कुलपात नेमकी कशी बसते?

किल्ली आहे तशीच बसत नसावी, असा संशय बळावत गेला. डोरोथींच्या गटातले डॉडसन दांपत्य यॉर्क विद्यापीठात गेले होते. तिथल्या गटाने १९९१ मध्ये एका चमत्कारिक इन्सुलिनची रचना प्रसिद्ध केली. त्यात लांब साखळीचे शेपूट छोट्या साखळीच्या टोकाला थेट जोडून टाकले होते. आकार पाहावा तर नेहमीच्या इन्सुलिनसारखाच, पण परिणाम शून्य. याचा अर्थ असा की नुसता आकार बरोबर असून भागत नाही, काम करण्यासाठी ते शेपूट मोकळे होऊन हलावे लागते.

डोरोथींनी इन्सुलिन कधीच सोडले नाही. १९७२ मध्ये त्या चीनला गेल्या. बाहेरच्या जगापासून तुटलेल्या तिथल्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे इन्सुलिनची रचना शोधली होती. दोन्ही नकाशे ताडून पाहिल्यावर ते जुळत असल्याचे त्यांना दिसले आणि त्या कामाची ओळख त्यांनी बाहेर आवर्जून करून दिली. विज्ञानाला सरहद्दी नसाव्यात ही त्यांची भूमिका जुनी होती. शांततावादी संघटनेशी संबंध असल्यामुळे १९५३ मध्ये अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला होता. पुढे १९७६ पासून बारा वर्षे त्या अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पग्वॉश परिषदेच्या अध्यक्ष होत्या. १९८८ मध्ये १.५ अँगस्ट्रॉम बारकाईची इन्सुलिनची सविस्तर रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. १९९३ मध्ये चाकाच्या खुर्चीतून का होईना, त्या पुन्हा बीजिंगला स्फटिकशास्त्राच्या जागतिक परिषदेला गेल्या. २९ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

किल्ली कुलपात बसताना दिसली ती त्यानंतर १९ वर्षांनी. मेलबर्नमधल्या शास्त्रज्ञांनी आधी, २००६ मध्ये, ग्राहीच्या पेशीबाहेरच्या भागाची रचना शोधली होती. २०१३ मध्ये त्यांनी यॉर्कसह इतर गटांच्या साथीने ग्राहीला चिकटलेले इन्सुलिन दाखवले. संशय खरा ठरला. ग्राहीजवळ येताच इन्सुलिनच्या लांब साखळीचे शेपूट बिजागरीवरच्या झडपेसारखे बाजूला होते. शेपटाखाली एरवी झाकलेली जागा त्यामुळे उघडी पडते. ग्राहीचा एक पिळदार तुकडाही आपली जागा बदलून तिथे येतो आणि इन्सुलिन त्याला धरून बसते. म्हणजे किल्ली आधी स्वतः उघडते आणि कुलूपही तिच्यासाठी सरकते. गेल्या काही वर्षांत गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून पुढचे टप्पेही दिसले आहेत. उलट्या व्ही अक्षरासारखा असलेला ग्राही इन्सुलिनची पुरेशी साथ मिळाली की इंग्रजी टी अक्षरासारखा होतो. त्यामुळे त्याचे पेशीच्या आतले दोन भाग जवळ येतात आणि एकमेकांना जागे करतात.

या ज्ञानाचा उपयोग पुढे आहे. ग्राहीला प्रत्यक्ष स्पर्श करणारे दुवे कोणते आणि नुसते साठवणीसाठी लागणारे कोणते, हे आता वेगळे सांगता येते. बाहेर टिकेल, चटकन सुटे होईल आणि तरीही ग्राहीला नीट धरेल असे इन्सुलिन घडवताना, कोणता दुवा बदलायचा आणि कशाला हात लावायचा नाही, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

१९३५ मधल्या त्या रात्री हातातल्या फोटोचा अर्थ लावण्याचे साधन जगात कुठेच नव्हते. डोरोथी हॉजकिन यांनी त्या साधनांची वाट पाहिली, त्यांतली काही स्वतः घडवली, आणि बोटे वाकत गेली तरी काम हातचे सोडले नाही. शेवटचे उत्तर पाहायला त्या उरल्या नाहीत. पण ते शोधणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेल्या परंपरेची माणसे होती, आणि त्यांच्या हातात होता तो डोरोथींनीच आखलेला नकाशा. पानावर बसताना इन्सुलिन टोचून लगेच पहिला घास घेणाऱ्या माणसाला हे नाव ठाऊक नसेलही. त्याचा वाचलेला अर्धा तास मात्र त्या नकाशापासूनच सुरू होतो.